मोबाईलवरची भवानी

माझा धंदा काय, हे मला आजवर कुणालाही एका दमात सांगता आलेलं नाही. लग्नकार्यात कुणी विचारलंच तर "कम्प्युटरचं काम" म्हणून मी मोकळा होतो. खरं म्हणजे बोईसर-पालघर पट्ट्यातल्या लहानसहान धंद्यांच्या जाहिराती मी नेटवर चालवतो. माणूस मोबाईलवर "एसी रिपेअर" किंवा "दाताचा डॉक्टर" शोधतो, तेव्हा सगळ्यात वर ज्या जाहिराती दिसतात, त्या. त्यावर कुणाचं बोट लागलं की धंदेवाल्याच्या खात्यातून पैसे कापले जातात. पुढे फोन येवो न येवो, काम मिळो न मिळो. माझे वडील साताऱ्याकडून तारापूरच्या कारखान्यात आले आणि जन्मभर शिफ्टमध्ये ड्रम भरत राहिले. त्यांना मी हे समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दुकानात कुणी नुसतं डोकावलं तरी दुकानदारानं दंड भरायचा?" मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नसतं.

ही गोष्ट मावशीच्या मुलाच्या जाहिरातीची आहे. मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे, नवापूरची मासेवाली. मी शाळेत जायच्या आधीपासून ती आमच्या चाळीत पाटी घेऊन यायची. आई घाटावरची. मटणाचा रस्सा डोळे मिटून करील, पण बोंबील हातात धरायचा म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. मावशीनं आमच्या दारात बसून तिला मासे साफ करायला शिकवलं, सुकट कशी भाजायची ते शिकवलं, आणि शिकवता शिकवता तिची मैत्रीण होऊन बसली. आई गेली तेव्हा मावशी बाजार बुडवून आमच्याकडे थांबली होती. नातेवाईक रडून घरी गेले, मावशीनं चहाची भांडी घासली. मला ती "बाला" म्हणते. आता मला टक्कल पडलंय, तरी तिच्या लेखी मी बालाच.

बोईसरच्या बाजारात मावशीच्या हातगुणाची ख्याती आहे. दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, आणि भवानी चांगल्या हाताची व्हावी असं प्रत्येक विकणाऱ्याला वाटतं. शेजारच्या मासेवाल्या पाटीवरचं फडकं काढलं की आधी मावशीला हाक मारतात. मावशी एक नाणं देते, पाटीतली मूठभर मांदेली उचलते, ती बाई नाणं कपाळाला लावते, आणि मग तिचा बाजार सुरू होतो. मावशीनं भवानी केली की दुपारपर्यंत पाटी रिकामी, असा सगळ्यांचा समज आहे. मावशीच्या स्वतःच्या पाटीत कधी कधी दिवस मावळेपर्यंत माल उरतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तिला एक मुलगी, ती लग्न होऊन सातपाटीला गेली. आणि एक मुलगा. नवरा काविळीनं लवकर गेला. मुलगा लहानपणी बोटीत पाय ठेवला की ओकायचा, त्यामुळे गावानं त्याची यथेच्छ चेष्टा केली. शेवटी त्यानं आयटीआय करून फ्रीज आणि एसीचं काम शिकून घेतलं. काही वर्षं बोईसरच्या एका दुकानात नोकरी केली, मग स्वतःचं काम सुरू केलं. दुकान वगैरे नाही. मोटरसायकल, मागे हत्यारांची पेटी, गॅसची टाकी आणि खिशात मोबाईल. त्याच्या बरोबरीची पोरं एकेक करून आखातात निघून गेली होती. तिकडे एसी नीट करणाऱ्यांना मरण नाही. बोईसरचा एक एजंट दर वर्षी न चुकता याला गाठायचा, चहा पाजायचा आणि पासपोर्ट काढलास का विचारायचा.

दोन वर्षांपूर्वी, होळी जवळ आली असताना, मावशी पाटी डोक्यावर घेऊन माझ्या ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे चाळीतली आमची जुनी खोली. पाटी दाराशी टेकवून ती आत येऊन बसली.

"बाला, तू लोकांना फोन आनून देतोस म्हनं."

"जाहिरात करतो मावशी. फोन येतात."

"माज्या पोराला आनून दे. हितं काम भेटलं तर त्यो जानार नाय. नाय भेटलं तर जाईल." मग पदरानं मान पुसत म्हणाली, "मी त्याला नको जाऊ म्हननार नाय. आई एकटी हाय म्हनून पोरानं घरात बसायचं का? पन काम असलं तर त्यो आपनहून ऱ्हाईल."

माझ्याकडे बरेच लोक येतात. कुणाला धंदा वाढवायचा असतो, कुणाला शेजारच्या दुकानावर कुरघोडी करायची असते. पोटचं पोर घरात राहावं म्हणून जाहिरात करायला आलेली ती एकटीच. मी तिला शब्द दिला नाही, कारण या धंद्यात शब्द देणारा माणूस एक तर नवखा असतो किंवा खोटारडा. पण मनातून मी कंबर कसली.

जाहिरात मन लावून केली. नकाशावर बोईसर ते पालघर असं रिंगण आखलं, म्हणजे लांबच्या लोकांना ती दिसणार नाही आणि बोटं फुकट जाणार नाहीत. कोळगावच्या नव्या इमारतींमध्ये सरकारी बदल्या होऊन आलेली कुटुंबं राहतात, तिकडे ती जास्त दिसेल अशी सोय केली. "नोकरी" हा शब्द घालून शोधणाऱ्यांना वगळलं, कारण नाहीतर दिवसभर "भाई, हेल्पर की जरूरत है क्या?" असेच फोन येतात. जाहिरातीत लिहिलं, "फोन कराल त्याच दिवशी येतो." हे वाक्य मी पुष्कळांसाठी लिहिलंय. ते खरं करणारा तो एकटाच भेटला. एकदा रिंगणाच्या पार टोकावरून, माकुणसारहून कुणा आजोबांचा फोन आला, फ्रीजमध्ये इन्शुलिन आहे म्हणाले, तर हा भर दुपारी मोटरसायकल दामटत तिथवर गेला. फ्रीजच्या पिनेची वायर तुटली होती. पैसे घेतले नाहीत आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन परत आला. मी म्हटलं, अरे त्या फोनसाठी आपण पैसे मोजलेत. तो म्हणाला, "दादा, नाय कसं म्हननार? म्हाताऱ्यानं बोलवलं ना."

तो पहिला उन्हाळा फार चांगला गेला. फोन घेता घेता त्याच्या नाकी नऊ आले. मावशीच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आधी पाहिलं नव्हतं. एजंट आला तर म्हणे तिनंच त्याला चहा पाजून वाटेला लावला.

त्याच उन्हाळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रोज सकाळी, बाजार उघडायच्या वेळेला, जाहिरातीवर पहिलं बोट ठरल्यासारखं लागायचं. नंतर फोन काही यायचा नाही. मला वाटलं, कुणीतरी धंद्यातला दुश्मन आहे, मुद्दाम आपले पैसे जाळतोय. असे महाभाग असतात. मी तावातावानं मुलाला फोन केला, तर तो हसायलाच लागला. "दुश्मन कसला दादा. आई हाय."

मावशी रोज सकाळी पाटी मांडून झाली की मोबाईल तोंडाशी धरून "बोईसर एसी" म्हणायची. पोराची जाहिरात आली की तिच्यावर बोट ठेवायची, ते बोट कपाळाला लावायची आणि मोबाईल चोळीत ठेवून द्यायची. पोराच्या धंद्याची भवानी.

मी बाजारात जाऊन तिच्यापुढे उकिडवा बसलो. म्हटलं, "मावशी, तू बोट लावलंस की पैसे जातात."

"जाऊ दे की. फुकटात भवानी कोन करतंय?"

"अगं पण ते तुझ्याच पोराचे जातात."

"मंग कोनाचे जानार?"

मी हात टेकले. देवापुढे उदबत्ती लावायचा खर्च समजू, असं मुलाला सांगितलं आणि हिशेबात ते एक बोट धरून चाललो. खरं सांगायचं तर सकाळी कम्प्युटर उघडल्यावर ते पहिलं बोट दिसलं की मलाही बरं वाटायचं. मावशी बाजारात पोचली, तब्येत ठीक आहे, एवढं त्यातून कळायचं.

पाऊस झाला, थंडी आली, आणि थंडीतच आमच्या पट्ट्यात एक मोठी ॲपवाली कंपनी उतरली. घरबसल्या कारागीर मागवा, बिल मोबाईलवर भरा, कारागिराला तारे द्या, असा तो प्रकार. लोक शोधतात त्या "एसी रिपेअर"सारख्या आमच्याच शब्दांवर तिच्या जाहिराती लागू लागल्या. या धंद्यात वरची जागा लिलावात मिळते, आणि ज्याचा खिसा खोल त्याच्यापुढे बाकीच्यांनी कितीही उड्या मारल्या तरी काय होणार? एका बोटाची किंमत चढत गेली. मी शब्द बदलले, वेळा बदलल्या, रिंगण लहान केलं. गोधडीला ठिगळं लावावीत तसं चाललं होतं. उन्हाळा तोंडावर आला तरी त्याचा फोन निवांत पडलेला असायचा. तो दिवसभर मोटरसायकल पुसत बसायचा.

मावशीला आकडे कळत नसले तरी पोराचं तोंड कळत होतं. तिनं तिच्या परीनं उपाय शोधला. पाडव्याच्या दिवशी सकाळीच मुलाचा मला फोन आला, "दादा, जाहिरात दिसतच नाय." मी कम्प्युटर उघडला. दिवसभरासाठी ठरवलेले सगळे पैसे बाजार उघडायच्या वेळेलाच संपले होते. बोटांची नुसती झुंबड उडाली होती, सगळी बाजारातली.

मावशीनं आदल्या दिवशी सगळ्या मासेवाल्यांना सांगून ठेवलं होतं. इतकी वर्षं तिनं सगळ्यांच्या भवान्या केल्या, आता वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिच्या पोराची करायची. आणि सगळ्यांनी केली. ज्यांच्याकडे साधे फोन होते त्यांनी शेजारणीचा मागून घेतला, भाजीवाल्या दोघी-तिघी आल्या, नारळवाला आला. प्रत्येकानं बोट लावलं, कपाळाला टेकवलं. त्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. कारखान्यांच्या कॉलनीत, कोळगावला, सगळीकडे लोक एसीवाल्याला शोधत असणार, आणि आमची जाहिरात सकाळीच विझलेली. जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीनं पुढे त्यातली बरीच बोटं खोटी ठरवून त्यांचे पैसे खात्यात परत जमा केले. खोटी! मला त्या शब्दाचा अजून राग येतो. त्या दिवसाइतकी खऱ्या मनानं लावलेली बोटं मी माझ्या उभ्या धंद्यात पाहिली नाहीत.

मुलगा चिडला नाही. हसला, आणि बाजारात जाऊन सगळ्यांना चहा पाजून आला. मावशी मात्र माझ्याकडे आली आणि तिनं विचारलं, "आज जाहिरात कशानं बंद झाली?" मी सांगितलं. रागावून नाही, पण सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन उठली. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं पहिलं बोट यायचं बंद झालं.

एका दिवसानं धंदा बुडत नसतो. बुडत होता तो लिलावामुळे, आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मुलानं त्या ॲपवाल्यांकडेही नाव नोंदवून पाहिलं. त्यांनी रंगीत टीशर्ट दिला, प्रत्येक कामातला वाटा ते कापून घेत. एका घरी काम चालू असताना वीज गेली, ती यायला दुपार टळली, तर घरमालकानं याला एकच तारा दिला. त्यानंतर त्याला कामंच मिळेनात. तो टीशर्ट तो मोटरसायकल पुसायला वापरू लागला.

पाऊस लागायच्या बेतात होता. माझ्या खोलीतला एसी जुना आहे. मावशीचा मुलगा दर उन्हाळ्यात न सांगता येऊन तो साफ करून जायचा. तसाच त्या दिवशी आला. स्टुलावर चढून जाळी काढली, मोरीत नेऊन धुतली, पुन्हा बसवली. खाली उतरलाच नाही. वरूनच, माझ्याकडे पाठ ठेवून म्हणाला, "दादा, जाहिरात बंद करा आता."

"किती वर्षांसाठी जातोयस?"

"दोन म्हनतात." मग एसीवरची धूळ पुसत, "आईला मीच सांगतो. तुमी बोलू नका."

माझ्या सगळ्या युक्त्या संपल्या होत्या. तो गेल्यावर मी त्याचं खातं उघडलं आणि जाहिरात थांबवली. एक बटण दाबायचं असतं, हिरवा ठिपका राखाडी होतो. शेकडो वेळा मी ते केलंय. त्या दिवशी बटण दाबलं आणि मला रडू आलं. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं झालं.

तो मस्कतला गेला. मावशी विमानतळावर गेली नाही, बाजारही बुडवला नाही. मी मुद्दामच दोन-तीन आठवडे बाजाराकडे फिरकलो नाही, आणि मग एका सकाळी गेलो. मावशी बोंबील निवडत होती. शेजारच्या बाईनं पाटीवरचं फडकं काढलं आणि सवयीनं हाक मारली, "ये ना, भवानी कर." मावशीनं हात पदराखाली घेतला. "नको बाय. दुसऱ्या कोनाला बोलव." ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरगा गेला तवापासून असंच करते."

मी तिथंच खाली बसलो. म्हटलं, "मावशी, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. भाव वाढले, मोठी कंपनी आली. मी स्वतः सगळं बघितलंय." मी तिला लिलाव समजावला, पाडव्याच्या दिवसाचे पैसे परत आले ते सांगितलं, आणि तुझ्या एका बोटानं फार तर एका वडापावचं नुकसान व्हायचं, असंही म्हणालो. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा मी बोलत सुटलो होतो.

"तू शिकलेला हायस," ती म्हणाली. "तू सांगतोस तसंच आसंल." आणि हात काही पदराबाहेर आला नाही.

मग तिनंच विचारलं, "तुजी जाहिरात मस्कतला दिसंल काय?"

"दिसेल की. कुठंही दाखवता येते."

"एकट्या त्यालाच?"

"एकट्या माणसाला नाही दाखवता येत मावशी. गावाला दाखवता येते."

"मंग सगल्या गावाला दाखव. त्याच्या नजरेला पडंल कवातरी."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण तिचा चेहरा तसा नव्हता. मी म्हटलं, "अगं, तो दर शुक्रवारी फोन करतो ना तुला? त्यालाच सांग काय सांगायचंय ते."

"फोनवर मी नाय सांगनार. फोनवर मी 'ये' बोलले, तर त्याला वाटंल आई रडत बसलीय. त्याचं कामात ध्यान लागनार नाय." तिनं एक बोंबील उचलला, शेपटी कापली. "आनी मी बोलले तरी त्यो येनार नाय. गिऱ्हाइकानं बोलवलं तर येतो. गिऱ्हाइकाला त्यानं कवा नाय म्हटलं नाय."

समोर एक बाई बोंबलाचा भाव विचारायला थांबली. मावशीनं भाव सांगितला, ती मान हलवून पुढे गेली. मी मोबाईल काढला. ही जाहिरात चालणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी काढला.

"काय लिहू?"

तिला विचार करावा लागला नाही. "लिव, नवापूरला एका बाईचा फ्रीज बंद पडलाय."

मी लिहिलं. मग विचारलं, "खरंच बंद पडलाय का? मी कुणालातरी पाठवतो."

"नाय रे," मावशी म्हणाली. "त्यानं नीट केलेला हाय. बंद कसा पडंल?"